स्कॉचमध्ये पाणी घालणारे अडाणी?

मोजके_पेग:
काल इथे एकाने लिहिलं, "सिंगल माल्ट परवडत नसेल तर स्कॉचच्या नादी लागू नये. पाणीच घालायचं तर सरळ देशी प्या." (सिंगल माल्ट म्हणजे एकाच डिस्टिलरीची, निव्वळ मोड आणलेल्या बार्लीची व्हिस्की.) रात्रभर डोक्यातून गेलं नाही, म्हणून लिहितोय. मी महिन्यातून दोन शनिवार, दोन पेग घेतो. वीस वर्षं टीचर्सच, ती ब्लेंडेड स्कॉच. तिच्यात आर्डमोर डिस्टिलरीचा माल्ट असतो, पीटच्या (दलदलीतल्या जळाऊ मातीच्या) धुराचा हलका वास येतो, मला तो आवडतो. ब्लेंडेड म्हणजे भेसळ नव्हे. तिच्यात माल्ट आणि ग्रेन (इतर धान्यांची) व्हिस्की मिसळतात, आणि दोन्ही स्कॉटलंडात ओकच्या पिंपात किमान 3 वर्षं मुरलेली असतात. आणि पाण्याचं म्हणाल, तर ब्लेंडर मंडळी वास घेतानाच पाणी घालून ती 20 टक्के अल्कोहोलच्या आसपास आणतात. ते अडाणी का?

धूरप्रेमी:
पोस्ट माझी आहे, मागे घेणार नाही. टीचर्स आपल्याकडे बाटलीत भरतात. सिंगल माल्ट स्कॉटलंडातच बाटलीबंद व्हावी लागते, 2012 पासून तसा नियमच आहे. लॅफ्रॉइग ही धुरकट सिंगल माल्ट घेऊन बघा. पहिल्या घोटाला दवाखान्यात शिरल्यासारखं वाटतं, आयोडिनचा वास. तिसऱ्या घोटाला तोच हवाहवासा होतो. मी एकदा पाणी घातलं, नुसतं फिनेल उरलं.

वाघोलीतली:
पाणी कुठलं घातलंत, ते आधी सांगा! आमच्याकडे टँकर. बोअरचं जड पाणी, ग्लास विसळून उपडा ठेवला तरी काठाला पांढरी रेघ उमटते. बाबांच्या पंच्याहत्तरीला भावाने दुबईहून ग्लेनफिडिक 12 आणली. ओतल्यावर छान नाशपातीचा वास येत होता. नळाचं पाणी घातलं आणि चव खडूसारखी. बाबा काही बोलले नाहीत, ग्लास तसाच ठेवून दिला. ताबा देताना बिल्डर म्हणाला होता, सहा महिन्यांत महापालिकेचं पाणी येईल. सात वर्षं झाली.

पेठेतला:
खडकवासल्याचं पाणी घ्या. सकाळी क्लोरीनचा वास असतो, म्हणून रात्रभर माठात ठेवायचं. आमच्याकडे स्कॉचला तेच.

वाघोलीतली:
अहो, इथे भांडी घासायला पाणी विकत घेतो आम्ही! पेठेत बसून माठाचे सल्ले देऊ नका.

पेठेतला:
सल्ला स्कॉचचा दिला होता. पेठेतही उन्हाळ्यात कपात होते, तेव्हा कुणी विचारायला येत नाही.

मोजके_पेग:
पाण्यावर वेगळा धागा काढा, मीही येतो तिथे, आमच्याकडेही दोन टँकर लागतात. धूरप्रेमी, तुमच्या त्या धुरकट वासामागे ग्वायाकॉल नावाचं द्रव्य असतं. स्वीडनच्या लिनियस विद्यापीठातल्या संशोधकांनी 2017 मध्ये दाखवलं, की अल्कोहोलचं प्रमाण उतरलं की ते पृष्ठभागाशी जमतं. म्हणजे नाकाजवळ. पाण्याने तुमचा धूर वाढतो.

धूरप्रेमी:
तो अभ्यास संगणकावरचा आहे. जीभ माझी आहे.

कॅम्पकर:
दोघेही बाटलीवरच्या वयाच्या आकड्याबद्दल गप्प आहात. लोक 18 आकडा बघून खिसा रिकामा करतात. तो आकडा मिश्रणातल्या सगळ्यात कोवळ्या व्हिस्कीचा असतो, चवीची हमी नव्हे. आणि बाटलीत ती मुरत नाही. सासऱ्यांनी 1994 ची बाटली नातवाच्या लग्नासाठी शोकेसमध्ये उभी ठेवली होती. उघडताना बूच भुगा होऊन आत पडलं, चौथाई व्हिस्की उडून गेलेली. चहाच्या गाळणीने गाळून प्यायलो, नुसतं ओलं लाकूड. आणली की प्या, माणसं आहेत तोवर.

धूरप्रेमी:
कॅम्पकर, हे मान्य. पाण्याचं म्हणाल तर माठातलं चमचाभर घालून बघेन, त्याहून जास्त नाही. सोडा तर नाहीच नाही.

मोजके_पेग:
पाणी घाला, नका घालू. मला लागलं ते "परवडत नसेल तर" हे. वडील गिरणीतून निवृत्त झाले, तेव्हा पहिल्या पगारातून मी त्यांना टीचर्सचीच बाटली दिली होती.

धूरप्रेमी:
परवडण्याचं लिहायला नको होतं, ते वाक्य काढतो. बाकी पोस्ट तशीच राहील.