हवामान परिषदेत मतदान का नको?

उंबरठा (धागाकर्ता)

२४ नोव्हेंबर २०२४ च्या पहाटे अझरबैजानच्या बाकूमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या हवामान परिषदेत अध्यक्ष मुख्तार बाबायेव यांनी हातोडा आपटून, २०३५ पर्यंत विकसनशील देशांसाठी वर्षाला ३०० अब्ज डॉलर उभारण्याचा ठराव संमत झाल्याचे जाहीर केले आणि त्यानंतर भारताच्या प्रतिनिधी चांदनी रैना यांना बोलू दिले. विकसनशील देशांची मागणी १,३०० अब्जांची होती. हा मसुदा म्हणजे दृष्टिभ्रम आहे, असे रैना यांनी सुनावले खरे, पण तोवर 'सहमती' झालेली होती.

या परिषदेत ठराव मतदानाने नव्हे, तर सहमतीने होतात आणि याचे मूळ १९९५ च्या बर्लिन परिषदेत आहे. मतदानासंबंधीच्या ४२ व्या नियमावर तेव्हा एकमत झाले नाही, म्हणून तो वगळून उरलेली नियमावली मसुद्याच्याच रूपात वापरायचे ठरले आणि ती तात्पुरती सोय आजतागायत चालू आहे. मतदान घ्यावे की नाही, हे ठरवायलाही एकमतच लागते! शेवटचा उपाय म्हणून तरी तीन-चतुर्थांश बहुमताची तरतूद हवी, असे माझे मत आहे.

जुना वाचक

पूर्णपणे असहमत. २०२१ मध्ये ग्लासगोच्या परिषदेत अखेरच्या बैठकीत भारताचे पर्यावरणमंत्री भूपेंद्र यादव यांनी कोळशाविषयीच्या वाक्यात 'टप्प्याटप्प्याने बंद' ऐवजी 'टप्प्याटप्प्याने कमी' हा बदल वाचून दाखवला. स्वित्झर्लंड आणि मार्शल बेटांनी नाराजी नोंदवली, अध्यक्ष आलोक शर्मा यांचा क्षमा मागताना कंठ दाटून आला, तरीही तो बदल राहिला. मतदान झाले असते, तर छोटी बेटे आणि युरोप यांच्यापुढे आपला निभाव लागला असता का? सहमतीचा नियम ही आपलीही ढाल आहे.

कोरा कागद

ढाल सर्वांना सारखी मिळत नाही. २०१० मध्ये कॅनकुनच्या परिषदेत बोलिव्हियाने स्पष्ट विरोध केला, तेव्हा सहमती म्हणजे एका देशाला नकाराधिकार नव्हे, असे सांगून अध्यक्षा पात्रिसिया एस्पिनोसा यांनी ठराव संमत करून टाकला. थोडक्यात, कोणाचा विरोध ऐकू यावा हे अध्यक्षांच्या कानावर अवलंबून! ओझोन थरासाठीच्या माँट्रियल करारात नियंत्रणाच्या मर्यादा कडक करण्यासाठी दोन-तृतीयांश बहुमताची तरतूद आहे आणि त्यामुळे कोणाचे सार्वभौमत्व बुडालेले नाही.

जुना वाचक

माँट्रियलचा विषय मोजक्या रसायनांचा होता, इथे प्रश्न वीज, पोलाद आणि शेतीचा आहे. शिवाय शंभरावर देशांनी हात वर करून १,३०० अब्ज मंजूर केले, तरी ज्यांनी ते द्यायचे त्यांच्या संसदा तरतूद करणार आहेत का? पैसा मतांनी निघत नाही.

उंबरठा

पैशाच्या बाबतीत तुमचा मुद्दा मान्य आहे, म्हणून निधीचे ठराव सहमतीवरच राहू देत. पण कोणत्याही मसुद्यावर हातोडा पडण्यापूर्वी कोणाचा आक्षेप आहे, एवढे तरी सभागृहाला विचारणे अध्यक्षांवर बंधनकारक असावे. बाकूत रैना यांनी बोलण्याची परवानगी आधीच मागितली होती, अशी भारताची तक्रार आहे.