जाहिरातीत बाथरूमचा फोटो का नसतो? (कोथरूड, भाड्याचा फ्लॅट, वडिलांना वॉकर)

वर्धारोड

नमस्कार. बदलीमुळे मला जूनपर्यंत नागपूरहून पुण्याला यायचं आहे आणि बाबा माझ्यासोबत येणार आहेत. त्यांना अर्धांगवायूचा झटका येऊन गेला. डावा पाय ओढत, वॉकर धरून चालतात. घरातल्या घरात मात्र ते स्वतःचं सगळं स्वतः करतात आणि ते तसंच राहावं, एवढी एकच माझी अट आहे. बाथरूमला जायला कोणाला हाक मारावी लागली की ते पाणीच कमी पितात, हे मी दवाखान्यातल्या दिवसांत पाहिलं आहे.

कोथरूड, कर्वेनगर, एरंडवणे या भागात २ बीएचके शोधते आहे. जाहिराती ढिगाने आहेत, पण त्यांत असतं काय? गॅलरीतून दिसणारं झाड, तेही वेगवेगळ्या बाजूंनी. हॉलचा एखादा फोटो, खिडकीकडे तोंड करून काढलेला, त्यामुळे खिडकी पांढरीफटक आणि खोली काळोखी. एका जाहिरातीत नुसत्या सोफ्याचेच फोटो होते आणि सोफा मालक नेणार असल्याचं खाली लिहिलं होतं. 'हवेशीर', 'प्रशस्त', 'मेट्रोपासून ५ मिनिटं'. ही पाच मिनिटं चालत की गाडीने, त्याचा पत्ता नाही. बाथरूमचा फोटो जवळपास कुठेच नाही. एका ठिकाणी 'लिफ्ट : आहे' असं वाचून फोन केला, तर लिफ्ट आहे पण बंद आहे, दुरुस्तीच्या खर्चावरून सोसायटीत वाद चालू आहे.

बाथरूमच्या दाराची रुंदी किती, गेटपासून लिफ्टपर्यंत पायऱ्या किती, असं विचारलं की सगळे ब्रोकर एकच सांगून राहिलेत : "मॅडम, एकदा येऊन बघून जा." नागपूरहून येऊन बघून जायचं म्हणजे जाता-येता रात्रभराचा प्रवास, आणि तोवर बाबांजवळ कोणाला तरी ठेवायचं. ज्या घरात बाबांचा वॉकर शिरणारच नाही ते घर मला इथे बसून यादीतून काढता आलं पाहिजे. जाहिरात त्यासाठीच असते ना?

फोटोवरून मापाचा अंदाज काढता येतो का? काय आणि कसं विचारलं म्हणजे नेमकं उत्तर मिळेल? आणि अशा अर्धवट जाहिरातींवर कायद्याचं काही बंधन आहे का?

प्लिंथ

मी साइट इंजिनिअर होतो, आता निवृत्त आहे. फोटोवरून बरंच कळतं, फक्त खोलीकडे न बघता फरशीकडे बघा. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत बसवलेली व्हिट्रिफाइड टाइल बहुतेक वेळा २ फूट बाय २ फूट असते. भिंतीच्या कडेने टाइल मोजा. सात भरल्या तर साधारण चौदा फूट. जुन्या इमारतीत मोझॅइक असेल तर ती बहुधा १० इंची. हल्ली मोठ्या टाइलही येतात, म्हणून दाराशी ताडून बघा : खोलीचं दार साधारण पावणेतीन-तीन फुटी आणि उंची ७ फूट. मोबाइलच्या वाइड लेन्सने खोली कितीही ताणली तरी टाइलची संख्या बदलत नाही. कडेच्या टाइल लांबुडक्या दिसल्या तर वाइड लेन्स वापरली आहे असं समजा.

क्षेत्रफळाच्या आकड्यावर जाऊ नका. '९५० चौ. फूट' लिहिलेलं असतं, पण ते चटई क्षेत्र, की जिना-लिफ्टचा वाटा धरून विक्रीच्या वेळी सांगितलेलं, हे भाड्याच्या जाहिरातीत कोणी लिहीत नाही. तुमच्या कामाला तो आकडा तसाही उपयोगी नाही.

आता बाथरूम. त्याचं दार बहुतेक २.५ फुटी असतं, जुन्या इमारतींत त्याहून अरुंदही पाहिलं आहे. त्यातून चौकट आणि उघडलेल्या फळीची जाडी वजा होते. म्हणून 'दार किती फुटी' असं विचारू नका. दार पूर्ण उघडून मधल्या मोकळ्या जागेत टेप धरायला सांगा आणि टेपचा फोटो मागा. बाबांच्या वॉकरचं माप खालच्या पायांपाशी घ्या, पाय वरच्यापेक्षा फाकलेले असतात. दोन्हींत निदान दोन-तीन इंचांचा फरक हवा, नाहीतर बोटं चौकटीला घासतात. दार आत उघडतं की बाहेर, हेही विचारा. आत उघडणारं दार असेल आणि माणूस आत पडला, तर तो दाराला अडतो आणि बाहेरून दार ढकलता येत नाही.

उंबऱ्याबद्दल स्वतंत्र विचारा. कोथरूडच्या जुन्या इमारतींत नंतर बाथरूम नवीन केलं की काही वेळा जुन्या फरशीवरच नवी बसवतात आणि बाथरूम घरापेक्षा तीन-चार इंच वर जातं. वॉकर उचलून आत ठेवायचा आणि मग ओला पाय वर घ्यायचा, हे तुमच्या बाबांना जमणार नाही. संडास-बाथरूम वेगळे आहेत का आणि संडास भारतीय पद्धतीचा आहे का, हेही विचारायला विसरू नका.

लिफ्टचं तर मुद्दाम सांगतो. तिथल्या जुन्या तीन मजली इमारतींना मुळात लिफ्ट नव्हत्या. नंतर बाहेरून बसवल्या, आणि जागा मिळाली ती जिन्याच्या वळणापाशी. अशी लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबते. उतरल्यावर अर्धा जिना चढायचा किंवा उतरायचा असतो. जाहिरातीत तीही 'लिफ्ट : आहे'च असते. पार्किंगवर उभ्या इमारतीत काही ठिकाणी लिफ्टच्या दारापर्यंतच चार-पाच पायऱ्या असतात.

कर्वेरोड

ताई, मी ब्रोकर आहे, याच भागात काम करतो. फोटो असे का असतात ते सांगतो, म्हणजे कोणाला काय विचारायचं ते कळेल.

बहुतेक वेळा जुना भाडेकरू अजून राहतच असतो. त्याला फोटोत रस नसतो. बाथरूममध्ये त्याचे कपडे, बादल्या, तिथला फोटो तो काढू देत नाही. मालक बंगळुरूला किंवा परदेशात असतो, त्याच्याकडे रंगकाम झालं तेव्हाचे फोटो असतात. ते व्हॉट्सॲपवरून याच्याकडून त्याच्याकडे फिरत येतात आणि प्रत्येक वेळी धूसर होतात. एकच फ्लॅट चार ब्रोकरकडे असतो, त्यामुळे तेच फोटो चार वेगवेगळ्या भाड्यांनी दिसतात. इमारतीचं नाव आम्ही टाकत नाही, कारण माणूस थेट वॉचमनला गाठून मालकाचा नंबर घेतो आणि आमची एक महिन्याची दलाली जाते. हे कारण खरं आहे. पण बाथरूमच्या दाराचं माप दिल्याने कोणाची दलाली जात नाही, ते आम्ही दिलंच पाहिजे.

आणखी एक प्रकार आमच्या धंद्यात चालतो आणि मला तो मान्य नाही. गेलेला फ्लॅट जाहिरातीत तसाच ठेवायचा. फोन आला की 'तो कालच गेला, दुसरा दाखवतो'. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारा : हा फ्लॅट आज रिकामा आहे का, आणि चावी कोणाकडे आहे? चावी ज्याच्याकडे असते तोच तुम्हाला माप देऊ शकतो. बाकीच्यांवर वेळ घालवू नका.

तुम्ही फोटो मागूच नका, व्हिडिओ मागा. रस्त्यावरच्या गेटपासून सुरुवात करून पार्किंग, लिफ्ट, घराचं दार, पॅसेज आणि बाथरूमच्या आतपर्यंत, न थांबता एका दमात काढलेला. जोडलेल्या तुकड्यांचा नको. मोबाइल कमरेजवळ धरायला सांगा, म्हणजे पायरी सुटत नाही.

आणि एक गोष्ट कोणी आपणहून सांगणार नाही : सोसायटी पुनर्विकासाला गेली आहे का? कोथरूडमध्ये सध्या जिकडे तिकडे तेच चाललं आहे. बिल्डरशी करार झालेला असेल तर मालक कमी भाड्याने देतो आणि काही महिन्यांत घर रिकामं करायला सांगतो. बाबांना घेऊन दोनदा सामान हलवायची वेळ तुमच्यावर येऊ नये.

सूची२

कायद्याचं थोडक्यात. रेराचा, म्हणजे २०१६च्या स्थावर संपदा कायद्याचा, भाड्याच्या घराला आधार मिळत नाही. त्यातल्या 'अलॉटी'च्या, म्हणजे ज्याला घर विकलं किंवा दिलं जातं त्याच्या, व्याख्येतून भाडेकरू स्पष्टपणे वगळलेला आहे. नव्या प्रकल्पाच्या जाहिरातीत नोंदणी क्रमांक आणि प्राधिकरणाच्या संकेतस्थळाचा पत्ता देणं बंधनकारक आहे. महाराष्ट्रात ऑगस्ट २०२३पासून क्यूआर कोडही लागतो. चुकीच्या जाहिरातीवर विसंबून पैसे भरले आणि नुकसान झालं तर कलम १२ खाली भरपाई मागता येते. हे सगळं विकत घेणाऱ्यासाठी.

तुमच्या हातात आहे तो करार. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि ती जबाबदारी मालकाची. लिफ्ट चालू आहे, पुनर्विकासाचा करार झालेला नाही, असं जे तोंडी सांगतील ते मसुद्यात लिहायला सांगा. आणि यांपैकी काही खोटं निघालं तर लॉक-इन, म्हणजे ठरलेल्या मुदतीआधी घर न सोडण्याची अट, लागू होणार नाही आणि अनामत पूर्ण परत मिळेल, हेही एका वाक्यात घाला. खरं सांगणारा मालक त्याला हरकत घेत नाही.

वर्धारोड

सगळ्यांचे मनापासून आभार. तुमचं वाचून मी हा मजकूर तयार केला आणि प्रत्येक जाहिरातीखाली पाठवला. कोणाला लागला तर घ्या :

"नमस्कार. वडील वॉकर घेऊन चालतात. फ्लॅट आज रिकामा आहे का आणि चावी कोणाकडे आहे? लिफ्ट चालू आहे का, ती घराच्याच पातळीवर थांबते का? बाथरूमचं दार पूर्ण उघडून मोकळ्या जागेत टेप धरल्याचा फोटो आणि उंबऱ्याचा फोटो हवा. कमोड आहे का? सोसायटीचा पुनर्विकास ठरला आहे का? गेटपासून बाथरूमपर्यंतचा सलग व्हिडिओ पाठवल्यास मी त्याच दिवशी हो किंवा नाही कळवीन."

बऱ्याच जणांनी उत्तरच दिलं नाही, आणि त्याचं मला आता वाईट वाटत नाही. एका ब्रोकरने व्हिडिओ पाठवला, त्यात लिफ्ट खरोखरच मधल्या वळणावर थांबते. हे मला फोटोंवरून कधीच कळलं नसतं. कर्वेनगरच्या एका मालकीणबाईंनी मात्र स्वतः जाऊन टेप धरला : मोकळी जागा २८ इंच, बाबांचा वॉकर खाली २४. दार बाहेर उघडतं, उंबरा बोटभर आहे, कमोड आहे. त्यांच्या सासूबाई तिथे राहायच्या म्हणे. त्यांच्या जाहिरातीत यातलं एक अक्षर नव्हतं, गॅलरीचाच फोटो होता. हे घर बघायला मात्र मी येते आहे.

एक शेवटचं विचारते : कमोडशेजारी धरायला स्टीलचा दांडा लावायचा आहे. त्यासाठी काय बघू?

प्लिंथ

२४ ला २८ चालेल. दांड्यासाठी कमोडशेजारची भिंत बोटाने वाजवून बघा. टाइल पोकळ वाजली तर तिथे भोक पाडू नका, भरीव वाजेल तिथे पाडा. भिंत विटांची की हलक्या ब्लॉकची ते मालकीणबाईंना विचारा, ब्लॉकची असेल तर त्यासाठीचे वेगळे अँकर मिळतात, ते घ्या. रबराने चिकटणारे दांडे नकोत, त्यांच्यावर शरीराचा भार टाकता येत नाही. बाबांचा उजवा हात चांगला आहे, तेव्हा ते कमोडवर बसल्यावर दांडा त्यांच्या उजव्या हाताला यायला हवा. ती बाजू भिंतीची आहे का, हे बघायला गेलात की सगळ्यात आधी बघा.

सूची२

आणि भोक पाडायची परवानगी करारात घ्या, सोडताना दांडा तसाच ठेवणार की काढून टाइल बदलून देणार, तेही लिहा.