फ्रीजवरच्या ओळीचं जर्मन, फ्रेंच, जपानी करून हवंय

तांबडा_पांढरा
मंडळी जरा मदत पाहिजे. आमच्या कोल्हापूरच्या घरात आजीची एक ओळ आहे, रात्री कुणीपण फ्रीज उघडला की ती आतल्या खोलीतनं म्हणायची, "परत आलास व्हय? आत्ताच तर जेवलास की!" रागानं नाही, लाडानंच, आणि पाठोपाठ स्वतःच उठून काहीतरी काढून द्यायची. आता आजी नाही पण फ्रीजचं दार वाजलं की आम्ही एकमेकांना तेच म्हणतो. यंदा गौरी-गणपतीला सगळे एकत्र येणार आहेत, थोरली वहिनी जर्मन, दाजी फ्रेंच आणि मावसभावाची बायको जपानी, तर ही ओळ सगळ्यांच्या भाषेत फ्रीजच्या दारावर लावायची आहे, जणू फ्रीजच बोलतोय. सरप्राइज आहे म्हणून त्यांनाच विचारता येत नाही. ॲपमध्ये टाकलं तर जर्मनमध्ये 'बिस्ट दू त्सुरूक' असं काहीतरी आलं, ते बरोबर वाटेना. देवनागरीतच लिहा प्लीज, आईला मोठ्यानं वाचून दाखवायचंय. आणि दाजींना आई अहोजाहो करते, मग तिथं तू चालेल का?

म्यूनिकची_मावशी
ॲप 'परत'वर अडकलंय. आपल्या परतचे दोन अर्थ, पुन्हा आणि माघारी, त्यानं माघारी धरला. 'बिस्ट दू त्सुरूक' म्हणजे आलास का परत गावाहून. तुम्हाला पाहिजे ते असं:
"दू शोन वीडर? दू हास्ट डॉख गराडं एर्स्ट गेगेसन!"
यातला 'डॉख' अजिबात काढू नका. तुमच्या आजीच्या 'जेवलास की' मधला जो 'की' आहे ना, तोच हा. तो काढला तर वाक्य नुसतं माहिती देतं, तुम्ही आत्ताच जेवलात म्हणून, त्यातला लाड जातो. मी इथे इतकी वर्षं राहते पण डॉख तोंडात बसायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. आणि घरच्या माणसांना दूच म्हणायचं, 'झी' म्हटलं की परक्यासारखं होतं. अजून एक, आलास-आलीसची भानगड इथे नाही, क्रियापद बाईला-पुरुषाला एकच, त्यामुळे वहिनीसाठी वेगळी ओळ करायला नको.

शब्दवेडा
फ्रेंच मी देतो: "आंकोर त्वा? मे त्यू व्यँ द मांजे!"
'मे' म्हणजे खरं तर 'पण', पण इथे तो 'अरे' सारखा येतो. आणि 'व्यँ द मांजे'चा शब्दशः अर्थ जेवण्यापासून येतोस, म्हणजे आत्ता जेवून उठलास, ही रचना मला फार आवडते कारण फ्रीजपाशी आलेल्या माणसाला ती इतकी चपखल बसते. घरात 'त्यू'च, आईंनी बिनधास्त म्हणावं. मराठीत अहो दाजी आणि फ्रेंचमध्ये त्यू, दोन्ही प्रेमाचंच आहे.
न विचारता स्पॅनिशही देतो, "ओत्रा वेस तू? सी आकाबास दे कोमेर!" यातला सुरुवातीचा 'सी' बघा, एरवी त्याचा अर्थ 'जर', इथे मात्र तो नुसता जोर द्यायला येतो.

साक्की_पुणे
जपानी: "माता किता नो? साक्की ताबेता बाकारी देशो!"
जपानीत 'तू' घालूच नका, घातलं तर टोचतं, कोणाला म्हणतोय ते न सांगता कळतं. माता म्हणजे पुन्हा, साक्की म्हणजे मघाशी, बाकारी म्हणजे नुकतंच. शेवटचा 'नो' म्हणजे अगदी तुमचा 'व्हय', आई लेकराला विचारते तो सूर, आणि 'देशो' म्हणजे 'हो ना?' खरं सांगू का, कोल्हापुरी ओळ जपानीत जेवढी सहज गेली तेवढी पुस्तकी मराठी गेली नसती, 'आपण पुन्हा आलात का' याचं काय करणार. आईंना सांगा देशोचा 'शो' जरा लांबवायचा.

म्यूनिकची_मावशी
लावणार कशावर ते बघून घ्या आधी. काचेच्या दाराचा फ्रीज असेल तर मॅग्नेट बसत नाही, काही स्टीलच्या दारांवरही नाही, मग स्टिकरच करावा लागेल.

तांबडा_पांढरा
खूप खूप आभार सगळ्यांचे, डोळ्यात पाणी आलं वाचताना. फ्रीज जुना पत्र्याचाच आहे, आजीच्याच वेळचा, मॅग्नेट मस्त बसतात. आईला काल वाचायला दिलं, 'डॉख' दोनदा म्हणून बघितलं आणि म्हणाली हे तर सोपं आहे. तिची एकच अट आहे, आजीची ओळ सगळ्यात वर पाहिजे, बाकीच्या खाली. जपानी ओळ अजून पाठ चाललीय, 'साक्की ताबेता'पर्यंत आलीय.