मदत हवी आहे: कवळी बसवल्यापासून आईचं जेवण नुसतं मऊ झालंय, पोट बिघडलंय

नमस्कार मंडळी,

आई ७२ वर्षांची, मिरजेत एकटी राहते. मी नोकरीमुळे पुण्यात. रक्तदाबाची गोळी सोडली तर तब्येत ठीक होती. कवळी बसवली आणि भाकरी, काकडी, मोडाची मटकी सगळं ताटातून गेलं. आता सकाळी चहा-खारी, दुपारी वरण आणि गिचका भात, रात्री दूध-पाव. वर "मला एकटीला कितीसं लागतं?" हे पालुपद. मग पोट साफ होत नाही म्हणून चूर्ण, चूर्णाने जुलाब, जुलाब झाले म्हणून पुन्हा गिचका भात. पित्तासाठी डॉक्टरांनी पॅन्टोप्राझोल थोडे दिवसच दिली होती, ती औषधवाल्याकडून परस्पर आणून अजून घेतेय.

त्यात एका नातेवाईक बाईंनी प्रोबायोटिक (पोटाला चांगल्या जिवंत जंतूंच्या) कॅप्सूलचा महागडा डबा तिच्या गळ्यात मारलाय. आतड्यातले जंतू सुधारले की म्हातारपण लांबतं म्हणे. जीवशास्त्रज्ञ मेचनिकॉफ यांनी बल्गेरियातल्या दह्याबद्दल शंभर वर्षांपूर्वी जवळपास हेच सांगितलं होतं. (१९०८चं नोबेल त्यांना रोगप्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी मिळालं, दह्यासाठी नव्हे!) मला जास्त विचारात पाडलं ते आयर्लंडमधल्या अभ्यासाने. २०१२ साली प्रसिद्ध झाला, १७८ वृद्ध होते. कायम वृद्धाश्रमात राहणाऱ्यांच्या आतड्यात जंतूंचे प्रकार घरी राहणाऱ्यांपेक्षा कमी, जेवण एकसुरी आणि अशक्तपणा जास्त. कशामुळे काय झालं हे त्यातून सिद्ध होत नाही, पण आईचं ताट आठवून धस्स झालं.

तर विचारायचं हे, की फार न चावता पोटात चोथा जाईल असं काय देऊ? ज्वारीच्या कण्या ताकात शिजवल्या तर? पॅन्टोप्राझोल बंद करू का? डबा अजून फोडलेला नाही.

प्रतिसाद

डबा परत करा. कण्या उत्तम, पण पाण्यात शिजवा आणि कोमट झाल्यावर ताक घाला. उकळलं की ताकातले जिवंत जंतू मरतात. आतड्यातल्या जंतूंना खाद्य लागतं ते चोथ्याचं, तो आंबवून ते त्यापासून ब्युटिरेट नावाचं मेदाम्ल बनवतात आणि मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी त्यावर जगतात. दुधी, लाल भोपळा, घोटलेली पालेभाजी, सालीच्या मुगाची खिचडी, पिकलेली पपई यांतलं काहीच चावावं लागत नाही. चोथा हळूहळू वाढवा, नाहीतर गॅसने हैराण होतील आणि तुमच्यावरच चिडतील.

पॅन्टोप्राझोल एकदम तोडू नका, पित्त उसळतं. डॉक्टरांना विचारून कमी करा, आणि बी-१२ तपासून घ्या, कारण ही गोळी वर्षानुवर्षं घेतली की ते कमी होऊ शकतं. वजन उतरत असेल किंवा शौचातून रक्त जात असेल तर आहाराचे प्रयोग बाजूला ठेवून आधी तपासणी.

कवळी टोचते का, हेही विचारा. सैल असेल तर दंतवैद्य नीट करून देतात आणि निम्मा प्रश्न तिथेच सुटतो. लोहाच्या किंवा कॅल्शियमच्या गोळ्या चालू आहेत का? त्यांनीही पोट अडतं.

धागाकर्ता

दोन्ही चालू आहेत! आणि कवळी टोचते, फोनवर विचारल्यावर आता सांगतेय. शनिवारी मिरजेला जातोय, दंतवैद्यांची वेळ घेतली. कण्या पाखडून ठेवायला सांगितल्यात, त्यावर "तू कधीपासून खायला लागलास कण्या?" असं उत्तर आलंय.