मदत हवी आहे: बायसेक्शुअल आहे, कणकवली-रत्नागिरी साईडला कोणी काउन्सेलर माहितीये का?

मी देवगडचा, कलमांची बाग बघतो. मला मुली पण आवडतात, मुलगे पण. २०१८ ला सुप्रीम कोर्टाचा ३७७ चा निकाल आला, समलैंगिक संबंध गुन्हा नाही म्हणून, त्या रात्री पडवीत मोबाईलवर बातमी वाचताना हात थरथरत होते माझे. मुंबईत एक, गावात दुसरा असं जुळवून घेत आलोय, मित्र म्हणतात तू कुठेपण फिट होतोस, पण ही अॅडजस्टमेंट आहे की नुसती लपाछपी तेच कळेना झालंय आणि झोप पार उडालीये. त्यात आई म्हणतेय गणपतीत मुलगी बघू. टेली मानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा, १४४१६ नंबर आहे माझ्याकडे, पण घरात बोलणार कसं, खळ्यात गेलो तरी शेजारची काकी कान लावून. समोर बसून बोलता येईल असं कोणी आहे का? "लग्न कर, होईल ठीक" म्हणणारे नकोत, ते घरात भरपूर आहेत.