स्वीकार केला आहे असे म्हणते, तरी दिवेलागणीला धीर सुटतो

सांजवात यांचा प्रश्न

माझ्या आईला तीन वर्षांपूर्वी अल्झायमरचे निदान झाले. ती आता ७८ वर्षांची आहे आणि माझ्या वडिलांना जाऊन सहा वर्षे झाली आहेत. दिवसभर ती बरी असते. समोर मेथीची जुडी ठेवली तर तासभर शांतपणे निवडत बसते. मात्र संध्याकाळचे सहा वाजले की खिडकीशी खुर्ची ओढते आणि विचारते, "हे अजून आले नाहीत का गं?" सुरुवातीला मी खरे सांगत असे आणि ती दरवेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखी रडत असे. आता मी "येतील इतक्यात" म्हणते आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहते, म्हणजे माझा आवाज बाहेर जात नाही.

सगळे मला सांगतात, "आहे ते स्वीकार, मन घट्ट कर." मी स्वीकारले आहे असे मलाही वाटत होते. स्वेच्छानिवृत्ती घेतली, न्हाणीघरात धरायला दांडे बसवले, बाहेरच्या दाराची कडी वर नेली, औषधांचे वेळापत्रक भिंतीवर लावले. परंतु गेल्या आठवड्यात तिने मला "तुम्ही कोणाकडच्या?" असे विचारले आणि मी तिच्या अंगावर ओरडले. ती घाबरून भिंतीला टेकली. तो चेहरा डोळ्यांसमोरून जात नाही. स्वीकार म्हणजे नेमके काय करायचे असते? आणि बोलायचे तर कोणापाशी? भावाला फोन केला की दुसऱ्याच वाक्याला तो उपाय सुचवू लागतो.

माजघर यांचा प्रतिसाद

ताई, मी वडिलांना याच आजारात नऊ वर्षे सांभाळले, म्हणून थोडे स्पष्ट लिहितो. आपण आजार स्वीकारलात, त्याची उत्तम व्यवस्था लावलीत. परंतु जे गमावले आहे त्याचा शोक करायला स्वतःला सवड दिली नाहीत. माझेही तसेच झाले होते. माणूस समोर बसलेला असताना त्याच्यासाठी रडणे मला अभद्र वाटत असे.

अमेरिकेतील अभ्यासक पॉलीन बॉस यांनी व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांचा अभ्यास केला आणि पुढे स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या घरांचाही. युद्धातील घरांत माणूस मनात असतो पण घरात नसतो. आपल्या घरांत तो घरात असतो पण पूर्वीसारखा सापडत नाही. दोन्हीकडे निरोपाचा विधी नाही, तेरावा नाही, कोणी भेटायला येत नाही, त्यामुळे दुःखाला जागाच मिळत नाही. त्यांचे म्हणणे असे की "आई आहे" आणि "आई नाही" यांतील एक वाक्य निवडू नये, दोन्ही एकत्र धरावीत. मला हे समजायला फार वेळ लागला. वडिलांची दाढी करताना मी गळ्याजवळ वस्तरा नेला की ते जुन्या सवयीने हनुवटी आपोआप वर करीत. मला ते ओळखत नव्हते, पण त्यांची हनुवटी त्यांचीच होती. त्या सकाळी मी त्यांच्यासमोरच रडलो, आणि त्यांनी साबण लागलेला हात माझ्या गालावर ठेवला.

निवृत्त परिचारिका यांचा प्रतिसाद

मी रुग्णालयात अनेक वर्षे काम केले आहे, त्यामुळे आधी व्यवहाराचे. या आजारात संध्याकाळी अस्वस्थता वाढणे नेहमीचे आहे. अंधार पडण्याआधीच घरातील सगळे दिवे लावावेत आणि पडदे ओढून घ्यावेत, कारण काचेत दिसणारे स्वतःचे प्रतिबिंबही रुग्णाला परके माणूस वाटू शकते. आई वडिलांची वाट पाहते तेव्हा बातमी सांगू नका आणि खोटे आश्वासनही देऊ नका, "तुला त्यांची आठवण येतेय ना? मलाही येते" असे म्हणून पाहा. प्रश्न वेळेविषयीचा वाटला, तरी तिला हवा असतो आधार. आपल्यालाही हे वाक्य मोठ्याने म्हणता येईल, ही गोष्ट मला तितकीच महत्त्वाची वाटते.

ओरडलात त्याबद्दल स्वतःला शिक्षा करू नका. ती आपल्या थकव्याची खूण आहे. आठवड्यातून दोन-तीन तास आईपाशी दुसरे कोणी बसेल, एवढी सोय मात्र आग्रहाने करून घ्या. भावाला उपाय सुचवायचेच असतील, तर हे काम त्यांच्याकडे सोपवा. शासनाच्या टेली-मानस या मानसिक आरोग्यासाठीच्या दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र विनामूल्य चालतो आणि मराठीतही बोलता येते. झोप उडाली, भूक गेली, जगणे नकोसे वाटू लागले, तर मात्र थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना भेटा.

शाई यांचा प्रतिसाद

बोलायला माणूस नसेल तेव्हा वही उपयोगी पडते, परंतु कशी लिहावी हे सांगणे आवश्यक आहे. मानसशास्त्राचे अभ्यासक जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांचा १९८६ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग या विषयात पायाचा मानला जातो. विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस, रोज १५ मिनिटे, आपल्या आयुष्यातील क्लेशकारक अनुभवाविषयी लिहिले. लिहून झाल्यावर लगेच त्यांना बरे वाटले नाही, उलट मन जड झाले. पण घटना आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांना पुढच्या काही महिन्यांत डॉक्टरांकडे कमी जावे लागले. पुढील अभ्यासांत हा परिणाम सर्वांना सारखा दिसलेला नाही, म्हणून चमत्काराची अपेक्षा ठेवू नये.

पत्नीच्या आजारपणात मी सहा महिने रोज "माझ्याच वाट्याला हे का?" एवढेच निरनिराळ्या शब्दांत लिहीत होतो, आणि त्याने जखम चिघळली. मग मी स्वतःला नियम घालून घेतला: आज काय घडले, तेव्हा शरीरात काय झाले, आणि कोणत्या गोष्टीची लाज वाटली, एवढेच लिहायचे व वेळ संपली की वही मिटायची. लाज वाटलेली गोष्ट लिहिता आली त्या दिवशी मला पहिल्यांदा सलग झोप लागली.

आपल्याकडच्या बायकांना हे ठाऊक होते. संशोधक हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या प्रयत्नांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. त्यांत सासुरवास, गरिबी, गेलेले मूल, सगळे आहे. पहाटे दळताना जात्याला सांगितलेले दुःख दिवसभर कोणी खोडून काढत नसे, कोणी उपायही सुचवत नसे.

सांजवात यांचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. काल साडेपाचलाच दिवे लावले. आईने विचारले तेव्हा "मलाही बाबांची आठवण येते" असे म्हटले, आणि माझा आवाज फुटला. ती खुर्चीतून उठली नाही, पण तिने पदराचे टोक माझ्या हातात दिले आणि म्हणाली, "येताना ते भिजले असतील." मग आम्ही दोघी त्यांच्या छत्रीविषयी बोलत बसलो, ती मोडकी काळी छत्री ते कधीही टाकू देत नसत. नळ सोडावा लागला नाही. रात्री १५ मिनिटे लिहिले, त्यात तिच्या अंगावर ओरडले तेही लिहिले. भाऊ रविवारी दुपारी येऊन बसणार आहे.