मदत हवी आहे: सीपीयूचा स्पीड बदलला की टाइमस्टँप चुकतायत

जुना ड्युअल कोअर लॅपटॉप आहे, लिनक्स टाकलंय, त्यावर सेन्सरचा डेटा लॉग होतो. प्रोग्राम वेळ थेट आरडीटीएससीने (सीपीयूमधला टिक मोजणारा काउंटर, म्हणजे टीएससी, वाचणारी सूचना) वाचतो आणि २ गिगाहर्ट्झ धरूनच भागाकार करतो, त्यामुळे लोड कमी होऊन सीपीयू ८०० मेगाहर्ट्झवर आला की खरा एक सेकंद लॉगमध्ये ०.४ सेकंद दिसतो!! सीपीयूइन्फोमध्ये कॉन्स्टंट_टीएससी फ्लॅग (स्पीड बदलला तरी टीएससी एकाच वेगाने चालतो असं सांगणारा) नाहीये, आणि डीमेसेजमध्ये (कर्नलच्या लॉगमध्ये) सरळ लिहिलंय की फ्रिक्वेन्सी बदलल्यामुळे टीएससी अनस्टेबल, म्हणून कर्नल त्याऐवजी एसीपीआय_पीएम हा सीपीयूबाहेरचा टायमर वापरतोय. सिस्टमचं घड्याळ बरोबर चालतंय, त्यामुळे एनटीपी (नेटवर्कवरून घड्याळ जुळवणं) सुचवू नका प्लीज.

सीपीयूचा स्पीड ठरवणारा गव्हर्नर परफॉर्मन्सवर (कायम पूर्ण स्पीड) ठेवला तर वेळ अगदी बरोबर येते, पण मशीन बंद पेटीत असतं, फार तापतं. क्लॉक_गेटटाइम मोनोटॉनिक (सिस्टमकडून वेळ घेणारं फंक्शन) लावून बघितलं, वेळ बरोबर पण प्रत्येक वेळी सिस्टम कॉल होतो (कर्नलमध्ये जाऊन यावं लागतं), त्यात वेळ जाऊन सॅम्पल सुटतात. बायॉसमध्ये एचपीईटीचा (दुसऱ्या एका हार्डवेअर टायमरचा) ऑप्शनच नाही आणि नवीन मशीन सध्या शक्य नाही.

मला १ मिलिसेकंदापर्यंत अचूकता पुरे. मोनोटॉनिक_कोअर्स (त्याच घड्याळाचा ढोबळ प्रकार, कर्नलच्या टिकबरोबरच पुढे सरकणारा) फास्ट आहे पण माझ्या २५० एचझेडच्या (सेकंदाला २५० टिक) कर्नलवर ४ मिलिसेकंदांच्या उड्या मारतं. कर्नल १००० एचझेडने बिल्ड केला तर टिकलेस मोड (सीपीयू रिकामा असताना टिक थांबवणारा) चालू असतानाही कोअर्सवर १ मिलिसेकंदाचा भरवसा ठेवता येईल का, की टिकलेस बंदच करावा लागेल?